चेन ओढली, ब्रेक विसरले

पावसाळा संपत आला की बेळगावातल्या निम्म्या मोटरसायकली एकाच सुरात बोलायला लागतात. मागून खडखड, खडखड. चार महिने चिखलपाणी खाल्लेली चेन सैल झालेली असते. गेल्या वर्षी आमची स्प्लेंडरही तशीच वाजत होती आणि नेहमीचे गॅरेजवाले काका गणपतीसाठी गावी गेले होते. मी पप्पांना विचारलं, "मीच ओढू का चेन?"

पप्पांनी सगळी नोकरी उद्यमबागेत लेथवर काढली. पेपरातून मान वर न करता ते म्हणाले, "ओढ की. पण आधी एक बोल्ट खराब करून दाखव."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण त्यांनी माळ्यावरच्या डब्यातून जुन्या इंजिनच्या केसिंगचा एक भंगार तुकडा काढला. ॲल्युमिनियमचा, आटे पाडलेली चार-पाच भोकं असलेला. एका भोकात सहा मिलिमीटरचा बोल्ट लावला, माझ्या हातात 10 नंबरचा पाना दिला आणि म्हणाले, "आवळ. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

बोल्ट आधी बोटांनीच आत गेला. मग टेकला. मग पाना जड होत गेला. मी थांबले, तर म्हणाले, "अजून." आणखी थोडा जोर लावला आणि पाना एकदम हलका झाला, लोण्यात फिरल्यासारखा. आटे गेले! बोल्ट काढून पाहिला तर त्याच्या आट्यांत चंदेरी तार गुंडाळल्यासारखं ॲल्युमिनियम अडकलेलं. बोल्ट पोलादी आणि केसिंग मऊ, त्यामुळे या झटापटीत हरतं ते नेहमी केसिंग. खऱ्या गाडीवर हेच झालं असतं तर चाळीस रुपयांच्या हौसेपायी हजारांत खर्च.

त्या दुपारी मी तीन भोकं खराब केली. चौथ्या वेळी बोल्ट टेकल्यावर किती आवळायचं आणि कुठे हात थांबवायचा, ते मनगटाला कळलं. यूट्यूबवर सगळं दिसतं हो, पण पाना किती जड लागला पाहिजे ते दिसत नाही. तुमच्या घरी किंवा शेजारी कुणी वर्कशॉपमध्ये काम केलेलं असेल, तर पहिला धडा त्यांच्याकडे घ्या, असं मी मैत्रिणींना सांगते. भंगारवाल्याकडे असा तुकडा सहज मिळतो.

ऑइल बदलायला मी त्याच आठवड्यात शिकले. त्यात फार काही नाही. इंजिन दोन-चार मिनिटं चालवून कोमट करायचं, खालचा बोल्ट काढायचा, जुनं ऑइल पसरट टबात घ्यायचं, बोल्ट वॉशरसकट परत लावायचा आणि पुस्तिकेत सांगितलंय तेवढंच नवं ओतायचं. एकच गोष्ट ध्यानात ठेवा. भावाच्या कारचं उरलेलं ऑइल बाइकमध्ये ओतायचा मोह होतो, तो टाळा. आपल्या बहुतेक मोटरसायकलींत क्लच प्लेट्स त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात, मग क्लच सटकतो. डब्यावर 'जासो एमए' असं लिहिलेलं बघून घ्या. आणि जुनं ऑइल गटारात नको. आम्ही ते डब्यात भरून गॅरेजवर देतो, तिथून ते पुढे जातं.

आता चेन. आमच्या गाडीची चेन झाकणाच्या आत असते. झाकणाला रबरी बूच लावलेलं एक भोक आहे, त्यातून चेन बोटाने वर-खाली करून ढिलाई बघता येते. एक इंचाच्या आसपास ठीक, पण तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा खरा. चाक थोडं थोडं फिरवून तीन-चार ठिकाणी बघायचं, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. जिथे सगळ्यात घट्ट लागते, तिथे मोजायचं. मग एक्सलचा नट सैल करायचा, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवायचे, खुणा जुळवायच्या, एक्सल परत आवळायचा. मी हे सगळं वहीत लिहून केलं. बघायला पप्पा नव्हते, बाजारात गेले होते. खडखड थांबली. मी हात धुतले आणि स्वतःवर फार खूश झाले.

दुसऱ्या दिवशी आईला मागे बसवून खानापूरला मावशीकडे निघाले. मच्छे सोडलं, देसूर मागे पडलं, तसं गाडीला ओढ नाही असं वाटायला लागलं. मी रेस वाढवली. आई म्हणाली, "काहीतरी जळतंय गं." मला वाटलं, रस्त्याकडेला कुणी कचरा पेटवला असेल. पुढे एका उतारावर ॲक्सिलरेटर सोडला आणि गाडी घरंगळायच्या ऐवजी हळू व्हायला लागली. तेव्हा कुठे बाजूला घेतली. मागच्या ड्रमजवळ हात नेला तर न टेकवताच झळ लागली.

पप्पांना फोन लावला.

"चेन ओढल्यावर चाक हाताने फिरवून बघितलंस?"

"नाही."

ते जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आईला सावलीत बसव. ड्रम गार होऊ दे. पाणी ओतायचं नाही, तडा जाईल. नंतर ब्रेकच्या रॉडच्या टोकाला नट आहे, तो सैल कर. चाक मोकळं फिरेपर्यंत."

झालं होतं ते असं. चेन ताणण्यासाठी मी चाक मागे घेतलं. त्याबरोबर ब्रेकचा ड्रमही मागे गेला, पण पेडलकडून येणारा रॉड होता तेवढाच राहिला. म्हणजे पेडल न दाबताच ब्रेक लागलेला. ब्रेक शू इतके किलोमीटर घासत आले होते. आणखी तापून चाक मध्येच अडकलं असतं तर? मागे आई, पाठीमागून गोव्याचे ट्रक. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नट हातानेच फिरला. पेडलला पुन्हा थोडी मोकळी चाल आली, चाक फिरलं. आम्ही परत फिरून सावकाश घरी आलो. पप्पांनी चाक उतरवून शू बाहेर काढले. ते चकाकत होते, काचेसारखे. "हे गेले," म्हणाले. रागावले नाहीत. माझी वही मागितली आणि चेनच्या पानावर खाली स्वतः एक ओळ लिहिली: 'ब्रेक बघणे. चाक फिरवणे.' नवे शू मी बसवले, पण त्यांच्यासमोर.

व्हॉल्व्ह आणि क्लच प्लेट्स अजून गॅरेजवाल्या काकांकडेच जातात, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. प्लग, एअर फिल्टर, ऑइल, चेन, केबलला तेल, एवढं घरच्या अंगणात होतं. शेजारच्या आजी अजून विचारतात, "पोरी, गाडीखाली काय शोधतेस?"

मावशीकडे आम्ही पुढच्या महिन्यात गेलो. निघताना आई म्हणाली, "डबल स्टँडवर लाव." मी लावली. तिने पदर खोचला, खाली वाकून मागचं चाक स्वतःच्या हाताने दोनदा फिरवलं आणि मगच मागे बसली.