पगारही आणि पदवीही : वस्तीतल्या एका मुलीची चार वर्षे

जून २०१९ मधली गोष्ट. रात्री जेवणे आटोपल्यावर आमच्या शेजारचे गृहस्थ हातात कागदांची चळत घेऊन दारात उभे राहिले. म्हणाले, "भाऊ, तुम्ही ऑफिसात कागदच हाताळता. एवढे वाचून सांगा. पोरीला कंपनीने घेतलंय म्हणते, पण सही माझी मागतात."

मुलगी नुकतीच बारावी झाली होती, सायन्सला गणित घेऊन. एका मोठ्या संगणक कंपनीने परीक्षा आणि मुलाखत घेऊन तिला निवडले होते. आधी नऊ महिने प्रशिक्षण, मग नोकरी, आणि नोकरी करता करता शनिवार-रविवारी एका विद्यापीठाची माहिती तंत्रज्ञानाची पदवी. फी कंपनी भरणार, असे त्या कागदांत लिहिले होते.

बापाच्या मनात भीती होती आणि ती खोटी नव्हती. त्यांनी स्वतः आय.टी.आय.तून फिटरचा कोर्स करून एका कारखान्यात वर्षभर अप्रेंटिस म्हणून काम केले होते. कायम कामगाराच्या बरोबरीने मशीन चालवली. वर्ष संपले त्या दिवशी हातात सर्टिफिकेट दिले आणि गेट बंद झाले. तेव्हापासून ते रिक्षा चालवतात. "अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला कामगार, हे मला शिकवू नका," असे ते म्हणाले, तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात उमेदवाराला कामगार मानलेले नाही, तो प्रशिक्षणार्थी असतो. शिकवून झाल्यावर त्याला नोकरी दिलीच पाहिजे, असे बंधन त्या वेळी मालकावर नव्हते.

खरे सांगायचे तर आमचेही मत विरुद्धच होते. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र हाताशी आहे, भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळते, तर मुलीने सरळ इंजिनिअरिंगला जावे, असे आम्ही बोलून दाखवले. त्यावर मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, माझ्या मार्कांवर मिळेल ते कॉलेज लांबच्या गावाला आहे. फी माफ होईल, पण खोली, मेस, जाणे-येणे? आणि माझ्या पाठीमागे दोन भाऊ शिकायचे आहेत." हिशोब तिने वहीत मांडूनच आणला होता. आम्ही बी.कॉम. झालेले, पण त्या वहीत चूक काढता आली नाही.

कागद नीट वाचला

त्या रात्री आम्ही करारनामा दोनदा वाचला आणि तीन ठिकाणी पेन्सिलने खुणा केल्या. कंपनी मधेच सोडता येणार नाही ती मुदत किती? सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल? आणि मुलगी परीक्षेत नापास झाली तर नोकरी राहील की जाईल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदात होती : मुदत चार वर्षे, रक्कम एक लाख रुपये. तिसऱ्याचे नव्हते. आम्ही मुलीला सांगितले की हे तू स्वतः विचार, आणि तोंडी नको, लेखी विचार. तिने ई-मेल पाठवला. चार दिवसांनी उत्तर आले की नापास विषयाची फेरपरीक्षा स्वतःच्या खर्चाने द्यावी लागेल, नोकरीवर परिणाम होणार नाही. ते उत्तर छापून करारनाम्याला जोडले आणि मग बापाने सही केली.

दहा बाय बाराची खोली

प्रशिक्षणाच्या काळात तिला महिना आठ हजार रुपये विद्यावेतन मिळे. कळव्याहून ठाणे आणि तिथून वाशीच्या गाडीने ऐरोली. पहिला महिना तिला सर्वांत जड गेला तो इंग्रजीमुळे. वाचलेले समजे, पण बोलायची वेळ आली की घसा सुके. शेजारच्या टेबलावरची मुले शहरातल्या इंग्रजी शाळांतून आलेली. ही घरी येऊन आरशासमोर दिवसभराचे काम इंग्रजीत सांगत बसे. धाकटे भाऊ हसत. पुढे तेही तिच्यापाशी बसू लागले.

नोकरी सुरू होते न होते तोच मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. कंपनीने लॅपटॉप घरी पाठवला. दहा बाय बाराची खोली, पाच माणसे, वर पत्रा. तिचे काम टेस्टिंगचे, म्हणजे संगणकाच्या प्रोग्राममध्ये केलेला बदल बरोबर चालतो की नाही ते पुन्हा पुन्हा तपासून चुका नोंदवायच्या. वरिष्ठांशी बोलणे चालू असताना आई कुकर लावत नसे. बाप रिक्षा बंद म्हणून घरात, पण दिवसभर ओट्यावर बसून राही, लेकीला कोपरा मिळावा म्हणून. त्या महिन्यांत घरात येणारा पगार तिचा एकटीचा होता, पंधरा हजार रुपये.

दुसऱ्या सत्रात ती गणिताच्या एका विषयात नापास झाली. पंधरा दिवस घरी बोलली नाही. आमच्याकडे आली तेव्हा म्हणाली, "काका, आठवडाभर काम करते, शनिवारी-रविवारी तास. डोक्यात काही शिरतच नाही." आम्हाला गणित येत नव्हते. अभ्यासिकेत शिकवायला येणाऱ्या एका शिक्षकांना आम्ही गाठले. रोज रात्री फोनवर अर्धा तास, असे दोन महिने चालले. फेरपरीक्षेत ती पास झाली. कामावरच्या एका वरिष्ठ बाईंनीही परीक्षेच्या आठवड्यात तिचे काम वाटून घेतले. मागितले नसते तर मिळाले नसते, असे ती आजही सांगते.

रात्रीची गाडी

२०२२ साली ऑफिस पुन्हा सुरू झाले. पाळी दुपारी दोन ते रात्री अकरा. कंपनीची गाडी तिला नाक्यावर सोडी. आणि मग वस्तीत कुजबुज सुरू झाली. कोणाची गाडी, कसले काम, असे आपल्याच लोकांनी विचारले, हे लिहिताना आम्हाला लाज वाटते. महिला मंडळाच्या बैठकीत आम्ही कायदा वाचून दाखवला. महाराष्ट्रातील २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर स्त्रीला तिच्या संमतीनेच काम देता येते, आणि तिच्या संरक्षणाची व घरापर्यंत सोडण्याची जबाबदारी मालकावर असते. म्हणजे ती गाडी कोणाची मेहेरबानी नव्हती, तो तिचा हक्क होता. त्यानंतर आई एकटी नाक्यावर उभी राहत नसे. मंडळातील कोणी ना कोणी सोबत असे.

२०२३ साली तिच्या हातात पदवी आली. कर्ज नाही, चार वर्षांचा अनुभव गाठीला, आणि थोरल्या भावाची डिप्लोमाची फी तिने भरली. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तिच्याबरोबर बारावी झालेली आणि इंजिनिअर होऊन आलेली मुले पहिल्याच दिवशी तिच्यापेक्षा जास्त पगारावर लागली. मधल्या काळात बाहेरून चांगली संधी आली, ती करारामुळे सोडावी लागली. कॉलेजचे दिवस तिला मिळाले नाहीत. "माझ्या धाकट्याला चांगल्या कॉलेजात जागा मिळाली तर मी त्याला तिथेच पाठवीन," असे ती म्हणते. आमचा विरोध निम्मा चुकला आणि निम्मा बरोबर होता, असे आता वाटते.

पालकांनी काय पाहावे

अशा योजना आता एकट्यादुकट्या नाहीत. विप्रो कंपनी १९९५ पासून पदवीधरांना नोकरीबरोबर पुढचे शिक्षण देत आली आहे. एच.सी.एल.ने २०१७ पासून बारावीच्या मुलांना घेणे सुरू केले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये उमेदवारीचा समावेश असलेल्या पदव्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ब्रिटनमध्ये २०१५ पासून अशा पदव्या आहेत. आपल्या मुलांनी या वाटेला जायचे तर एवढे पाहावे :

नेमणुकीच्या पत्रात 'कर्मचारी' लिहिले आहे की 'अप्रेंटिस', ते आधी वाचा. कायद्याखालील अप्रेंटिसला भविष्यनिर्वाह निधी लागू होत नाही. पदवी देणारे विद्यापीठ आयोगाच्या यादीत आहे का ते तपासा. इंजिनिअरिंगची पदवी दूरशिक्षणाने देण्यास आयोगाची परवानगी नाही. कराराची मुदत आणि परतफेडीची रक्कम वहीत लिहून ठेवा. पदवीधर किंवा डिप्लोमाधारक मुलांसाठी मुंबईत शीव येथे केंद्र सरकारचे शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ आहे, तेथे नोंदणीला पैसे लागत नाहीत. कायद्याच्या कलम ३-अ प्रमाणे नेमून दिलेल्या ट्रेडमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आहेत, त्यांची चौकशी जरूर करा. आणि जागा मिळवून देतो म्हणून कोणी रोख पैसे मागितले, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

ती मुलगी आता दर रविवारी सकाळी आमच्या अभ्यासिकेत येते. बारावीच्या मुलांना कंपनीच्या परीक्षेचे गणित आणि इंग्रजी बोलणे शिकवते. आपल्या वस्तीतील कोणाच्या घरी असा करारनामा आला असेल, तर सही करण्यापूर्वी तो घेऊन रविवारी या. बसून वाचू.