जुनी जीप : किलोमीटरला खर्च किती?



घोड आणि भीमेकाठच्या काळ्या रानात पावसाळ्यात ट्रॅक्टरखालोखाल भरवशाची गाडी म्हणजे फोर व्हीलची जीप. म्हणूनच ती जुनी झाली तरी विकायला मन होत नाही. "लई डिझेल पिते," असे सगळेच म्हणतात. नेमके किती, ते मोजून बघा.

टाकी काठोकाठ भरा आणि मीटरचा आकडा वहीत लिहा. नेहमीसारखी गाडी वापरा. पुन्हा त्याच पंपावर टाकी तेवढीच भरा. चाललेल्या किलोमीटरला आता भरलेल्या लिटरने भागा. समजा, ४०० किलोमीटरला ४० लिटर लागले, म्हणजे लिटरला १० पडले. डिझेल हिशेबापुरते ९० रुपये धरले, तर किलोमीटरला ९ रुपये झाले. निगा राखून १२ पडू लागले, तर साडेसातच रुपये. वर्षाला ८,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे १२,००० रुपये वाचतात.

निगा कोणती?

१. चिखल संपला की फोर व्हील काढा. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक घसरते, म्हणून ते चालून जाते. न्हावरे-चौफुला अशा डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही. सगळा ताण गिअर आणि टायरवर येतो, डिझेलही जास्त जळते. पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब असतील, तर तेही मोकळे करा.

२. ऊस वाहतुकीच्या दिवसांत धूळ फार. एअर फिल्टर वरचेवर साफ करा. काळा धूर दिसला, तर फिल्टर आणि नोझल तपासून घ्या.

३. दर पंधरवड्याला टायर गार असताना हवा तपासा.

४. सपाट रस्त्यावर गाडी सोडली की लगेच अडते का? ब्रेक चिकटत असेल.

५. ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग ठेवा. उभ्या गाडीचे इंजिन बंद करा.

डिझेलबरोबर ऑइल, टायर, दुरुस्ती आणि विमा हेही वहीत मांडा. गाडीला १५ वर्षे झाली, की नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर येतो; त्या रकमेचे पाच वर्षांत भाग पाडा. वर्षाच्या एकूण खर्चाला किलोमीटरने भागा. जो आकडा येईल, तो तुमच्या गावच्या भाड्याच्या गाडीच्या दराशी ताडून बघा. गाडी ठेवायची की काढायची, ते त्यावरून ठरवा.