जे वचन बोचते, त्याचाही अभ्यास

ज्यू परंपरेत तोराचे, म्हणजे मूळ धर्मग्रंथाचे अध्ययन हे प्रार्थनेइतकेच पवित्र कर्तव्य मानले जाते. परंतु त्याच ग्रंथातील एखादे वचन आपल्याला दोषी ठरवीत असेल तर? लेवीय पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात पुरुषांमधील शरीरसंबंध निषिद्ध मानले आहेत. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारी हाच अध्याय वाचण्याचा प्रघात आहे. समलिंगी ज्यूंच्या कित्येक पिढ्यांनी तो मान खाली घालून ऐकला.

अशा मंडळींनी १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या चेल्सी भागात, एका चर्चच्या आश्रयाने, स्वतःचे सिनेगॉग सुरू केले. त्याचे नाव 'बेत सिमखात तोरा', म्हणजे तोराच्या आनंदाचे घर. १९९२ मध्ये शॅरॉन क्लाइनबॉम रब्बी म्हणून येईपर्यंत प्रार्थनेची धुरा सभासदच वाहत होते. शिकणारे आणि शिकविणारे तेच. एड्सने अनेक सोबती ओढून नेले, त्या काळातही हे घर उभे राहिले.

अशा सिनेगॉगांतील अध्ययन बोचणारे वचन वगळत नाही. ते वाचण्याची जुनीच रीत हाती घेते. 'हवरूता' पद्धतीत दोघे समोरासमोर बसून मोठ्याने वाचतात आणि वाद घालतात. तोरात बंडखोर पुत्राला दगडांनी ठार मारण्याची आज्ञा आहे. प्राचीन रब्बींनी तिला इतक्या अटी लावल्या, की असा पुत्र कधी झाला नाही व होणारही नाही, असे मत तालमूदमध्येच नोंदले गेले. आज्ञा पुसली नाही, पण तिचा घाव बोथट झाला. मिश्नामध्ये तर स्त्री वा पुरुष या चौकटीत न बसणाऱ्या व्यक्तींच्या धर्मकर्तव्यांचीही चर्चा आहे.

पुढचा पेच भाषेचा आहे. हिब्रूत मराठीसारखे नपुंसकलिंग नाही. तोरावाचनासाठी बोलावताना नावापुढे 'अमक्याचा पुत्र' किंवा 'कन्या' असे म्हणतात. ज्याला दोन्ही लागू पडत नाही, त्याच्यासाठी काही ठिकाणी 'मिबेत', म्हणजे 'अमक्याच्या घरातील', असा शब्द योजतात.

सनातनी धर्मपंडितांना हे अन्वयार्थ मान्य नाहीत. वाद मिटलेला नाही. मात्र ज्यांच्याविषयी हा वाद इतरांनीच घातला, ते आता ग्रंथ उघडून त्यात सहभागी झाले आहेत.