‘शॅल’ आणि ‘मे’ यांतील अंतर

इंग्रजीच्या तासाला आपल्या मुलांना सर्वाधिक धास्ती वाटते ती ‘कॅन, मे, शॅल, मस्ट’ या सहायक क्रियापदांची. मुख्य क्रियापद कृती सांगते. ती कृती शक्य आहे, मुभेची आहे की बंधनकारक, हे ही छोटी क्रियापदे ठरवतात. त्यांचे वजन जाणून घेण्यास भारतीय संविधानासारखे दुसरे पाठ्यपुस्तक नाही.

मूळ अनुच्छेद ४५ पाहा. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याबाबतचा हा अनुच्छेद. त्यात ‘शॅल’ आहे. परंतु ते ‘एन्डेव्हर’ला, म्हणजे प्रयत्नाला जोडलेले. बंधन होते ते दहा वर्षांत तसा प्रयत्न करण्याचे, शिक्षण देण्याचे नव्हे! त्यातून हे मार्गदर्शक तत्त्व. त्याची अंमलबजावणी न्यायालयामार्फत करून घेता येत नाही, हे अनुच्छेद ३७ सांगतो. दहा वर्षे १९६० मध्ये संपली. पुढे २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क आला आणि ‘शॅल’ थेट ‘प्रोव्हाइड’ला, म्हणजे देण्याला जोडले गेले. सहा ते चौदा वयोगटासाठी शिक्षण मूलभूत हक्क झाले. त्याच वाक्यात पुढे ‘मे’ही आहे : शिक्षण कोणत्या रीतीने द्यावे, हे राज्याला कायद्याने ठरवता येईल. मुभा रीतीपुरती आहे. शिक्षण द्यावे की नाही, याची नाही. पालकांनी हा भेद अवश्य ध्यानात ठेवावा. तो कायदा २००९ मध्ये झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

अनुच्छेद १७ चे पहिले वाक्य तर याहून निराळे. अस्पृश्यता नष्ट केली आहे, असे सांगताना तेथे एकही असे सहायक क्रियापद नाही. ‘शॅल’ येते ते पुढे, शिक्षापात्र अपराध सांगताना.

या क्रियापदांची खरी कसोटी ‘जर-तर’च्या वाक्यांत लागते. ‘तो आला तर मी जाईन’ यासाठी विद्यार्थी ‘इफ ही विल कम’ लिहितात. वास्तविक मराठीतही आपण ‘येईल तर’ म्हणत नाही. इंग्रजीतही ‘इफ ही कम्स’ एवढेच पुरते. न घडलेल्या गोष्टीत मात्र मराठी आपल्याला चकवते. २ मार्च १९३० रोजी नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दरवाजे उघडले असते तर सत्याग्रह संपला असता. मराठीत दोन्हीकडे ‘असते-असता’, म्हणून मुले दोन्हीकडे ‘वुड हॅव’ घालतात. इंग्रजीत अटीच्या भागात ‘हॅड ओपन्ड’ आणि परिणामाच्या भागात ‘वुड हॅव एन्डेड’ असे हवे.

दरवाजे उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. या ‘मरणार नाही’साठी इंग्रजीत ‘विल नॉट’ येते. येथे ‘विल’ केवळ भविष्यकाळ दाखवत नाही, निर्धार दाखवते. त्या वाक्यात ‘जर’ कोठेही नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ते पूर्ण झाले.