कावळा शिवेपर्यंत

आजीच्या दहाव्याला आम्ही नदीकाठी तासभर ताटकळलो होतो. पानावर पिंड मांडलेला, समोरच्या पिंपळावर सात-आठ कावळे, आणि एकही खाली उतरायला तयार नाही. थोरल्या काकांनी हात जोडले. "आई, शकूच्या लग्नाची काळजी सोड. ते माझ्याकडे लागलं." कावळे ढिम्म. वडील म्हणाले, "गावचं घर विकणार नाही, आई." तरी नाही. आत्याने तुळशीला पाणी घालायचं कबूल केलं. धाकटे काका काहीतरी पुटपुटले, ते कुणालाच ऐकू आलं नाही. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा वळायला बसले, तेवढ्यात एक डोमकावळा झेपावला आणि पिंडाला चोच लावून गेला. कोणत्या वचनाने तो उतरला, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही.

तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. मला प्रश्न पडला होता तो वेगळाच. आजी त्या कावळ्यात होती, की कावळा नुसता तिचा निरोप्या?

रामायणाच्या उत्तरकांडात याचं एक उत्तर सापडतं. मरुत्त राजाचा यज्ञ चालू असताना रावण येतो आणि जमलेले देव भिऊन प्राण्यांच्या रूपात दडतात. इंद्र मोर होतो, वरुण हंस, कुबेर सरडा आणि यम कावळा. रावण गेल्यावर प्रत्येक देव ज्याच्या रूपात लपला त्या प्राण्याला वर देतो. यम कावळ्याला सांगतो, तुला रोगाने मरण येणार नाही, आणि माणसांनी तुला खाऊ घातलं की माझ्या लोकातले भुकेले तृप्त होतील. म्हणजे कावळा स्वतः आत्मा नाही, तो पोचवणारा. पण घाटावर उभ्या असलेल्या माणसाला एवढा बारीक भेद परवडत नाही. तो कावळ्यालाच 'आई' म्हणतो.

मरणाशी पाखराची सांगड घालणारे आपण एकटे नाही. त्याला कारणंही आहेत. संस्कृतात पक्ष्याला 'द्विज' म्हणतात, दोनदा जन्मणारा: आधी अंडं, मग अंडं फोडून बाहेर. एका जन्माच्या पोटात दुसरा जन्म असतो, हे कुठल्याही घरट्यात बघायला मिळतं. योगी श्वासाच्या येण्याजाण्यात 'हंस' हा ध्वनी ऐकतात, तोच उलटला की 'सोऽहं'. योगाचा गंध नसलेला मराठी माणूसही 'प्राणपाखरू उडालं' म्हणतोच. पाखरू असं सगळीकडचं. पण प्रत्येक समाजाने त्याला काम मात्र वेगवेगळं सांगितलं.

प्राचीन इजिप्तमध्ये ते काम होतं परत येण्याचं. तिथे माणसाच्या अस्तित्वाचे अनेक पदर मानत. त्यांतला 'बा' चित्रात दिसतो तो पक्ष्याच्या धडावर माणसाचं डोकं घेऊन. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आनी नावाच्या लेखनिकाचा पपायरस आहे, इसवी सनापूर्वी सुमारे १२५० सालचा. त्यात आनीचं काळीज तराजूत तोललं जात असताना त्याचा बा जवळच बसून निकालाची वाट बघतो. दुसऱ्या एका चित्रात तो ममीवर पंख पसरून तरंगतो. बाने दिवसा थडग्याबाहेर पडावं, उजेडात हिंडावं आणि रात्री देहाशी परतावं, अशी अपेक्षा असे. तो परतावा म्हणून 'मृतांच्या ग्रंथा'त खास मंत्र आहे. देह टिकवण्याचा एवढा खटाटोप का, हेही यातून उमगतं. ढोली शाबूत असेल तरच पाखरू परत येणार.

रोमला नेमकं उलट हवं होतं. तिथे पाखराने वर जायचं आणि वरच राहायचं. इसवी सन १९३ मध्ये खून झालेल्या पर्टिनॅक्स या सम्राटाचा अंत्यविधी नव्या सम्राटाने, सेप्टिमियस सेव्हेरसने, थाटात केला. इतिहासकार कॅसियस डायो तिथे हजर होता. देहाच्या जागी मेणाचा पुतळा होता. मजल्यांच्या चितेला आग लागली आणि तिच्यातून एक गरुड आकाशात सोडला गेला. सम्राट देव झाला, हे साऱ्या नगराने डोळ्यांनी पाहिलं. त्याला देव करणाऱ्याच्या गादीलाही त्यामुळे बळकटी आली, हे सांगायला नको.

इस्लामपूर्व अरबांचं पाखरू सूड मागायचं. खून झालेल्या माणसाच्या कवटीतून 'हामा' नावाचं घुबड निघतं आणि सूड उगवेपर्यंत कबरीवर 'पाजा, मला पाजा' असं ओरडत राहतं, अशी समजूत होती. इस्लामने ती नाकारली. हुतात्म्यांचे आत्मे मात्र स्वर्गात हिरव्या पक्ष्यांच्या देहात असतात, असं हदीसमध्ये आलं आहे. कबरीवरचं तहानलेलं पाखरू तिथे बागेतलं तृप्त पाखरू होतं.

जपानच्या ७१२ सालच्या 'कोजिकी' ग्रंथातली यामातो ताकेरूची कथा मला सगळ्यांत जवळची वाटते. हा राजपुत्र घरापासून दूर मरतो. बायका-मुलं येऊन समाधी बांधतात, तर तो शुभ्र पक्षी होऊन समुद्राकडे उडतो. कापलेल्या बांबूंच्या खुंटांनी पाय फाटत असतानाही ती रडत, गात त्याच्यामागे धावतात, पाण्यातही शिरतात. तो एका जागी उतरतो, तिथे दुसरी समाधी बांधली जाते, आणि तो पुन्हा उडून जातो. त्या वेळी गायलेली गाणी पुढे सम्राटांच्या अंत्यविधीत म्हटली जात, असं ग्रंथच सांगतो. इथे पाखरू कुणाच्याच हाताला लागत नाही. मागे उरतात ती धावणाऱ्यांची गाणी.

ऋग्वेदात आणि पुढे मुंडकोपनिषदात पाखरं दोन आहेत, एकाच झाडावर बसलेली. एक फळ खातं, दुसरं न खाता नुसतं बघतं. खाणारा तो जीव, बघणारा तो परमात्मा, असा अर्थ लावला जातो. इथे मरणाची वाट बघावी लागत नाही. उडून जायचं नाही, शेजारी कोण बसलंय तेवढं ओळखायचं. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात पाखराचा दाखला साधनेसाठी येतो. पक्षी झेपेसरशी फळापाशी पोचतो, माणसाला मात्र फांदीफांदीने चढावं लागतं. ज्ञानाची वाट पक्ष्याची, कर्माची वाट चढणाऱ्या माणसाची, आणि ज्ञानदेव दोघांनाही फळाचा भरवसा देतात.

बाराव्या शतकात निशापूरच्या फरीदुद्दीन अत्तारने पक्ष्यांचा अख्खा तांडाच वाटेला लावला. तुरेवाला हुदहुद पुढे, मागे असंख्य पक्षी, आणि शोध सीमुर्ग या पक्षिराजाचा. सात दऱ्या ओलांडून अखेर तीसच उरतात. फारसीत 'सी' म्हणजे तीस, 'मुर्ग' म्हणजे पक्षी. राजाच्या दरबारात पोचल्यावर त्यांना दिसतं ते आपलंच रूप.

आपल्या गोष्टींतल्या दुष्टाचा जीव मात्र कुठेच उडत नाही, तो पोपटाच्या पिंजऱ्यात दडवलेला असतो. १८६८ साली मेरी फ्रियरने 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक छापलं, त्यातली पहिलीच गोष्ट अशी आहे. गोष्टी सांगणारी होती तिची आया ॲना लिबेराता डिसूझा. तिचे आजोबा मूळचे लिंगायत, गोव्याकडे येऊन ख्रिस्ती झालेले. गोष्टीत पोपटाचा एकेक पंख तुटतो आणि जादूगाराचा एकेक हात गळून पडतो. जीव सुरक्षित ठेवायला निघालेल्याने तो सगळ्यांत नाजूक जागी ठेवलेला असतो.

आणि पक्षी आलेच नाहीत तर? मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाज देह गिधाडांच्या स्वाधीन करत आला. तिथे पक्षी आत्मा नेत नाहीत, देह नेतात. आत्मा चौथ्या दिवशी पहाटे चिन्वत पुलाकडे निघतो, अशी श्रद्धा. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या औषधाने भारतातली गिधाडं जवळजवळ संपवली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. डुंगरवाडीत मग सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. ते वाचताना मला गुरुजींच्या हातातला दर्भाचा कावळा आठवला.

मेल्यावर काय होतं, ते यातलं एकही पाखरू सांगत नाही. पण मागे राहिलेल्यांना काय हवं आहे, ते प्रत्येक पाखरू सांगतं. इजिप्तला सोबत हवी होती, रोमला गादी, वाळवंटातल्या टोळीला बदला. आम्हाला त्या दिवशी बोलायचं होतं. जिवंतपणी आजीला कुणी न सांगितलेल्या गोष्टी कावळ्याने तासाभरात वदवून घेतल्या. शकूताईचं लग्न झालं. गावचं घर गळतं, पण विकलेलं नाही.

गेल्या वर्षी धाकटे काका गेले. ते तेव्हा काय पुटपुटले, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यांच्या दहाव्याला पान मांडलं, आणि आम्ही मागे सरकतोय तोच कावळा शिवला. "सुटले," सगळे म्हणाले, आणि चपला शोधायला लागले. मी तिथेच थोडा वेळ उभा राहिलो. आम्हाला काही बोलायला वेळच मिळाला नव्हता.