जिओकॅशिंग: बाण थांबतो तिथून पुढे

मागच्या भागात मी बोलता बोलता म्हणून गेलो, की सुट्टीच्या दिवशी आम्ही जंगलात डबे शोधायला जातो. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, कसले डबे? कोणाचे? सापडले तर घरी आणता का? तर आजचा भाग त्यावरच. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोललोय जवळपास तसंच ठेवलंय.

या खेळाचं नाव जिओकॅशिंग. कोणीतरी एक डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो, आणि बाकीचे फोन घेऊन तो शोधतात. डब्यात एक छोटी वही असते. सापडला की वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. घरी आणायचा नाही! एखादी बारीकशी वस्तू उचललीत, तर तेवढ्याच मोलाची दुसरी आत ठेवायची.

हे सुरू झालं 2000 सालच्या मे महिन्यात. तोपर्यंत अमेरिकन सरकार सामान्य लोकांना मिळणाऱ्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळायचं, त्यामुळे जागा शंभरेक मीटरने चुकू शकायची. मे महिन्याच्या सुरुवातीलाच ती भेसळ बंद केली गेली. लगेच 3 मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ऑरेगॉन राज्यात एक बादली लपवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. तीन दिवसांत ती दोनदा सापडली.

आता थोडं इंजिनियरिंग, कारण नवीन माणूस इथेच फसतो. या खेळात आकडे अंश आणि मिनिटांत लिहितात. उदाहरणार्थ, ओहायोतलं यलो स्प्रिंग्ज हे गाव साधारण उत्तर 39 अंश 48 मिनिटांवर आहे. एका अंशाची मिनिटं 60, म्हणजे दशांशात हे झालं 39.80. मी पहिल्यांदा सरळ 39.48 टाईप केलं होतं. नकाशाने मला अक्षांशातच सुमारे 35 किलोमीटर दक्षिणेला नेऊन ठेवलं. कोड लिहून पोट भरणारा माणूस मी, आणि युनिट बघितलं नाही!

दुसरी गोष्ट, झाडी. दाट पानांतून सिग्नल कमजोर होतो, दरीत अर्धं आकाश कड्यामागे लपतं, आणि काही सिग्नल खडकावर आपटून उशिरा पोचतात. फोनला वाटतं उपग्रह आणखी लांब आहे. त्यामुळे बाण कधी दहा मीटर इकडे, कधी पंधरा मीटर तिकडे. अशा वेळी बाणामागे धावायचं नाही. एका जागी मिनिटभर उभं राहायचं, आकडा स्थिर होऊ द्यायचा, आणि मग फोन खिशात टाकून डोळे वापरायचे.

हे मी शिकलो एका चुकीतून. घराजवळच्या एका जंगलात बाण दाखवेल तसा मी सरळ झाडोऱ्यात घुसलो. डबा सापडला, फोटो काढला, खूश. परत फिरताना दिसलं की मी आलो ती चक्क एक पायवाट होती. ती कोणी आखली नव्हती. माझ्यासारख्याच आधीच्या लोकांनी बाण बघत बघत तुडवून केली होती. एका डब्यापायी दोन्ही बाजूंची रानफुलं सपाट झालेली.

म्हणूनच या खेळाचे काही नियम आहेत. डबा जमिनीत पुरायचा नाही. जागेच्या मालकाची परवानगी हवी. दोन डब्यांत किमान 161 मीटर अंतर हवं. आणि नाजूक जागांसाठी 2004 पासून एक वेगळा प्रकार आहे, अर्थकॅश. यात डबाच नसतो. आकडे तुम्हाला एखाद्या खडकापाशी, धबधब्यापाशी, झऱ्यापाशी नेतात. तिथे नीट बघून भूगर्भाविषयीच्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची. हाच तुमचा शोध.

आई नाशिकहून आली होती तेव्हा याच पद्धतीने तिच्याबरोबर एक दिवस काढायचं ठरवलं. जागा ग्लेन हेलन, यलो स्प्रिंग्ज गावाला लागूनच. सुमारे हजार एकरांचं राखीव जंगल. ह्यू टेलर बर्च यांनी 1929 मध्ये ते आपली मुलगी हेलन हिच्या स्मरणार्थ अँटिऑक कॉलेजला दिलं. 2020 पासून ते ग्लेन हेलन असोसिएशन या संस्थेकडे आहे. गावाला नाव मिळालं ते इथल्या पिवळ्या झऱ्यावरून. एकोणिसाव्या शतकात लोक हे पाणी औषधी समजून लांबून यायचे.

दगडी पायऱ्या उतरलो. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे सावकाश. झऱ्याचे आकडे मी फोनमध्ये टाकले होते. या वेळी नीट! वाट वळत होती आणि बाण सरळ झाडीत दाखवत होता. माझा पाय सवयीने वाटेबाहेर पडला. आई मागून म्हणाली, "अरे, चांगली वाट असताना रानातून कशाला? पाणी काय पळून चाललंय?"

गेलो वाटेनेच. झऱ्यापाशी पोचलो तर खडक सगळा नारिंगी-पिवळा. मी तिला अर्थकॅशवाले विचारतात तसा प्रश्न टाकला, हा रंग कशाचा? माझी उत्तराची तयारी होती, पण ती क्षणात म्हणाली, "लोखंडाचा. आपल्या जुन्या बोअरच्या पाण्याने पांढरी बादली अशीच व्हायची, आठवतं ना?"

अगदी बरोबर! पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खाली मुरतं, वाटेत लोह विरघळवून घेतं. जमिनीखाली प्राणवायू कमी, म्हणून ते विरघळलेलंच राहतं. बाहेर हवा लागली की ते गंजतं आणि थर धरतं. आणि पाणी जमिनीखालून येत असल्यामुळे त्याचं तापमान वर्षभर साधारण 11 अंश सेल्सियसच्या आसपास राहतं, बाहेर बर्फ असो की उकाडा.

वहीत सही करायची नव्हती, तरी आई तिथल्या बाकावर बराच वेळ बसून होती. माझ्या सापडलेल्या डब्यांची यादी मोठी आहे, पण त्यातल्या निम्म्या जागा आज मला आठवत नाहीत. हा झरा आठवतो.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर एवढंच करा. ॲप घ्या, सोप्या दर्जाचा डबा निवडा, आकड्यांचं युनिट तपासा. जिथे जाताय तिथले नियम आधी वाचा. आणि बाण वाटेबाहेर दाखवत असेल, तर वाटेवरूनच जिथून सगळ्यात जवळ पडतं तिथपर्यंत जा आणि मग बघा. बाण तुम्हाला जवळ नेतो, पुढचं काम डोळ्यांचं.

तुमच्याकडे असा रंगीत झरा किंवा बादली पिवळी करणारी बोअर असेल, तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!