मुंबईचे जुने बंबखाने

भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयावरून आपण बसमधून कितीदा जातो! पुढच्या वेळी खिडकीतून नीट बघा.

1 एप्रिल 1887 रोजी मुंबईचं अग्निशमन दल पालिकेखाली आलं. त्याआधी आग विझवणं हे पोलिसांचं जोडकाम होतं. तेव्हाचे बंब घोडे ओढायचे, त्यामुळे ठाण्यात तबेला हवाच. 1907 च्या सुमारास मोटारबंब आले आणि तबेले हळूहळू मागे पडले.

जुन्या ठाण्यांची बांधणी कामातून ठरलेली. खाली बंबांसाठी थेट रस्त्यावर उघडणारे रुंद दरवाजे, कारण घंटा झाली की गाडी वळवत बसायला वेळ नाही. जवानांची राहायची सोय त्याच आवारात. उंच मनोरा मला सगळ्यात आवडतो. कॅनव्हासचे पाइप ओले गुंडाळून ठेवले तर कुजतात, म्हणून अनेक शहरांत ते अशा मनोऱ्यात उभे टांगून वाळवत. शिडीचा सरावही तिथेच.

भायखळ्याच्या आवारात एक स्मारक आहे, ते मात्र चुकवू नका. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गासड्या आणि शेकडो टन स्फोटकं. जवान पाण्याचा मारा करत असतानाच जहाज फुटलं. दलाचे 66 जण गेले. देशभर 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो त्यांच्याच आठवणीसाठी.

तुमच्या गावात जुना बंबखाना असेल, तर फोटो नक्की टाका. मनोऱ्यासकट!